एकच पाळक, ११२ कुटुंबं: मंडळीतल्या अडचणीतल्या माणसांची काळजी कशी वाटून घ्यायची?

मिरज_पंचायत

सर्वांना सलाम.

मिरजेजवळच्या एका ख्रिस्ती मंडळीच्या पंचायतीत, म्हणजे कारभारी समितीत, पाळकीय काळजीचं काम यंदा आम्हा चौघांकडे आलं आहे. ११२ कुटुंबं आहेत. पाळकसाहेब (पास्टर) एकच, आणि त्यांच्याकडे आणखी तीन खेड्यांची उपासना. रविवारची भक्ती, शब्बाथ शाळा, महिला मंडळ, घरप्रार्थना हे सगळं व्यवस्थित चालतं. अडतं ते मधल्या सहा दिवसांत. कोणाची नोकरी गेलेली, कोणाकडे दारू, कोणी मयतानंतर एकटं पडलेलं, कोणी वर्षभर अंथरुणाला खिळलेलं. कळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

विचारायचं ते असं: घरं वाटायची कशी? घरात गेल्यावर नेमकं काय करायचं? आणि आपलं काम कुठे संपतं, डॉक्टर-पोलिसांचं कुठे सुरू होतं? "प्रार्थना करा" हे उत्तर नको, ती चालूच आहे.

कृष्णाकाठ

आधी एक वही घ्या. दोनशे पानी, साधी. पाच रकाने: तारीख, घर, कोण गेलं, काय हवंय (दोन-तीन शब्दांत), पुढची तारीख. शेवटचा रकाना रिकामा ठेवून वही मिटायची नाही. घरभेटी बंद पडतात त्या या रकान्यापाशी. पहिली भेट सगळेच देतात. दुसरी कोणी द्यायची हे ठरलेलं नसतं, म्हणून वडिलांना, म्हणजे मंडळीतल्या एल्डरांना, वाटतं पाळकसाहेब जाऊन आले असतील आणि पाळकसाहेबांना वाटतं वडील जाऊन आले असतील.

चौघांना ११२ घरं झेपणार नाहीत. आठ जोड्या करा, म्हणजे जोडीला १४ घरं. आठवड्याला दोन घरं केली की सात आठवड्यांत एक फेरी होते. घरं भागाप्रमाणे वाटा, पण नात्यातल्या जोडीला नात्यातलं घर देऊ नका. आपल्याकडे अर्धी मंडळी एकमेकांची सोयरी असते, आणि साडूपुढे कोणी खरं बोलत नाही. जोडीत एक बाई असावीच. घरात एकटी बाई असेल तिथे एकट्या पुरुषाने जायचं नाही. पाळकांनाही हाच नियम, आणि तो त्यांच्याच भल्याचा आहे.

वहीच्या शेवटी 'दर आठवडा' असं वेगळं पान ठेवा. आजारी, नुकतं मयत झालेलं घर, नोकरी गेलेला, घर मोडायला आलेलं. या पानावर दहापेक्षा जास्त नावं नकोत. अकरावं आलं तर महिन्याच्या बैठकीत बघायचं, कोणाला आता महिन्यातून एक भेट पुरेल.

फोन करून जा. मिरजेत हॉस्पिटलात काम करणारी घरं भरपूर, तेव्हा ड्यूटी विचारून घ्या. नाइट करून आलेल्या सिस्टरला सकाळी अकराला उठवून तिचं सांत्वन होत नाही.

आता घरात गेल्यावर. अर्धा तास पुरे. "कसं चाललंय?" असं विचारलं की "बरं आहे, देवाची कृपा" हे उत्तर ठरलेलंच, कारण प्रश्नही तसाच असतो. नेमकं विचारा: झोप लागते का? जेवण जातंय का? घराबाहेर शेवटचं कधी पडलात? मग गप्प बसा. समोरचं माणूस दहा-पंधरा सेकंद काही बोलत नाही आणि तेवढ्यात आपण वचन काढतो, तिथेच भेट फुकट जाते. खरं बोलणं बऱ्याचदा निघताना निघतं. तुम्ही उंबऱ्याबाहेर एक पाय ठेवून चप्पल शोधत असता आणि आतून आवाज येतो, "अजून एक होतं, पण जाऊ दे." चप्पल सोडा, परत आत या, बसा.

चहा नाकारू नका, अर्धा कप मागा. एका संध्याकाळी दोनच घरं धरण्याचं हेही एक कारण.

प्रार्थना विचारून करा आणि कशासाठी करायची तेही विचारा. दोन मिनिटं, त्यांच्याच शब्दांत. "हप्ते थकलेत" म्हणाले असतील तर प्रार्थनेतही हप्ते म्हणा, "आर्थिक विवंचना" नको. प्रार्थनेत उपदेश घुसडू नका. "प्रभो, या भावाला दर रविवारी मंदिरात यायची बुद्धी दे" हे वाक्य देवासाठी नाही हे त्या भावाला बरोबर कळतं.

बायबलमधून वाचायला छोटं घ्या. स्तोत्र १३ सहाच वचनांचं, आणि त्याची सुरुवातच देवापुढच्या तक्रारीने होते. फार खचलेल्या माणसाला स्तोत्र ८८ चालतं, ते अंधारातच संपतं. आनंदाची स्तोत्रं त्या दिवशी कानावर घासतात. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडल्यावर बिघडलं.

वॉर्ड_नंबर_सात

वरचं सगळं मान्य. मी फक्त हॉस्पिटलचं लिहिते, कारण तिथे चुका जास्त होतात.

१८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. बेळगाव-विजापूर भागातून येणाऱ्या पेशंटमध्ये ख्रिस्ती कुटुंबंही असतात, ओळखीचं कोणी नसतं. तुमच्या आठ जोड्यांपैकी एका जोडीला कानडी बोलता येत असेल तर तिच्याकडे थोडी कमी घरं द्या आणि आठवड्यातून एक दुपार वॉर्डासाठी ठेवा.

आयसीयूत पाच मिनिटं, एकाच माणसाने. आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवायचे. खाटेवर बसायचं नाही. पेशंट बेशुद्ध असला तरी नाव घेऊन, आपण कोण ते सांगून बोला, कारण ऐकू येत असण्याची शक्यता असते. त्याच्या उशाशी उभं राहून "काही खरं नाही" असं नातेवाइकांशी कुजबुजू नका.

याकोब ५:१४ प्रमाणे वडिलांनी तेल लावून प्रार्थना करण्याची पद्धत बऱ्याच मंडळ्यांत आहे. एक थेंब पुरतो. ऑक्सिजनचा मास्क किंवा नळी असेल तर चेहऱ्याला तेल लावायचं नाही, ऑक्सिजनपाशी तेलाने आगीचा धोका असतो. हाताच्या मागच्या बाजूला लावा. जखमेवर, टाक्यांवर नाही. मेणबत्ती तर खिशातूनसुद्धा काढू नका.

प्रभुभोजन देण्याआधी ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारा, तोंडाने काही द्यायचं आहे का. ऑपरेशन व्हायचं असेल तर उपाशी ठेवलेलं असतं. अर्धांगवायू झालेल्या माणसाला बऱ्याचदा नीट गिळता येत नाही आणि द्राक्षरसाचा घोट श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. अशा वेळी भाकर-प्याला त्याच्यासमोर धरून प्रार्थना करा आणि पुढची तारीख ठरवा. त्याने काही उणं होत नाही.

गोळ्यांबद्दल एक शब्दही काढू नका. "विश्वास ठेव, गोळ्या कमी कर" या वाक्याने इन्शुलिन, फिटच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्या बंद होतात. फिटच्या गोळ्या एकदम तोडल्या की लागोपाठ फिट येऊन जीव जाऊ शकतो.

सोबतच्या माणसाकडेही बघा. पेशंटला फळं दहाजण आणतात, त्याच्या बायकोने सकाळपासून काही खाल्लं नाही हे कोणी विचारत नाही. डबा तिच्यासाठी न्या, आणि दोन तास तुम्ही बसा म्हणजे तिला घरी जाऊन अंघोळ करता येईल.

साताऱ्याचा_सेवक

"आपलं काम कुठे संपतं?" हा प्रश्न मोलाचा आहे. दारूपासून सुरू करतो.

पिणाऱ्या माणसाकडे सकाळी जा. संध्याकाळी गेलात तर तुम्ही बाटलीशी बोलता. सभेत पुढे बोलावून, हात वर करायला लावून "आजपासून बंद" अशी शपथ घ्यायला लावू नका. याला वैद्यकीय कारण आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, माणूस भ्रमिष्ट होतो, आणि त्यात मरणही येतं. नेमकं हेच पाहून घरचे म्हणतात, "सोडली म्हणून सैतान खवळला." तो सैतान नाही, त्याला दवाखान्यात न्या. आधी डॉक्टर गाठा, त्यांच्या देखरेखीत सोडू द्या, शपथ नंतर कधीही घेता येते. पुढे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका आहेत, घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. मंडळीचं काम सोडल्यानंतरच्या वर्षाचं. संध्याकाळी सहा ते नऊ ही त्याची वाईट वेळ, तेव्हा कोणी तरी त्याच्याबरोबर फिरायला जायचं. पैसे हातात द्यायचे नाहीत.

मारहाणीच्या घरात नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवायला जाऊ नका. ती तुमच्यासमोर खरं बोलली तर तुम्ही गेल्यावर त्याची किंमत तिला मोजावी लागते. बायकांच्या जोडीने तिच्याशी वेगळं बोलावं. "सहन कर, प्रार्थनेने बदलेल" म्हणू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, जिवावर आलं तर ११२ हा आपत्कालीन नंबर. मत्तय १८ मधलं "एकांतात जाऊन त्याचा अपराध सांग" हे मार खाणाऱ्या बाईला लावू नका.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर ती पंचायतीत घ्यायचीच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं ज्याला माहीत आहे त्याच्यावर बंधनकारक आहे, लपवणं हा गुन्हा. "मंडळीची बदनामी होईल, आतल्या आत मिटवू" म्हणणारे वडील स्वतः गुन्ह्यात येतात. मुलाला पुन्हापुन्हा खोदून विचारू नका. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवरही कळवता येतं.

जीव देण्याचे विचार. सरळ विचारा: "जगू नये असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. "हो" म्हणाले तर पुढे विचारा, कसं करायचं ते ठरवलंय का, साधन घरात आहे का. आपल्या भागात द्राक्षबाग आणि उसाच्या घरात कीटकनाशक पडवीतच असतं. ते त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात जायला हवं. माणसाला एकटं सोडू नका. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे: १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, पहिल्या वेळी तुम्ही सोबत जा, केसपेपर काढून द्या. औषध प्यायलं असेल तर ओकारी काढायला मीठपाणी पाजू नका. बाटली किंवा डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना. "केस होईल" या भीतीने लोक तास घालवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ ने प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षेची भीती दाखवू नका.

आणि "अंगात आलंय, सोडवणूक करा" अशी बोलावणी येतात. आवाज ऐकू येणं, रात्रंदिवस न झोपणं, सगळे आपल्यावर टपलेत असं वाटणं, हे आधी डॉक्टरांना दाखवा. प्रार्थना जरूर करा, पण बसून, हळू आवाजात. दाबून धरू नका, उपाशी ठेवू नका. भूत काढायच्या नावाखाली बांधणं, मारणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं, करणारा ख्रिस्ती असला तरी.

मिरज_पंचायत

खूप उपयोगी. दोन शंका. वहीत लिहिलेलं चार लोकांनी वाचलं तर? आणि पैशांची मदत मागणारे निम्मे असतात, तिथे काय करायचं?

खजिनदार

वहीत "काय हवंय" या रकान्यात गुपित लिहायचंच नाही. "डबा", "दवाखाना", "बोलायचंय" एवढंच. वही पाळकसाहेबांकडे कुलपात. ती ठेवायचं आणखी एक कारण म्हणजे बदली. पाळक तीन-चार वर्षांनी जातात आणि कोणाच्या घरी काय चाललंय ते त्यांच्याबरोबर जातं. नवीन पाळकांना पहिल्या आठवड्यात 'दर आठवडा' पान हातात द्या आणि त्या घरांत जुनी जोडी सोबत जाऊ द्या.

पैशाचं. संकट निधी वेगळा, रविवारच्या अर्पणात मिसळायचा नाही. दोन सह्या, त्यातली एक पाळकांची नसावी, म्हणजे "साहेब, तुमच्या हातात आहे" हा दबाव त्यांच्यावर येत नाही. एका घराला वर्षात किती, याची हद्द बैठकीत आधीच ठरवून कागदावर ठेवा. रक्कम हातात न देता औषधाच्या दुकानात, शाळेत, लाइटबिलात भरा. उसनं कधीच देऊ नका. फेडता आलं नाही की माणूस तोंड चुकवतो आणि मंदिरात यायचं थांबतो. द्यायचं तर दान म्हणून द्या. वडिलांनी खाजगीतून उसनवारी करू नये, याचाही ठराव करा.

निधीला हात लावण्याआधी सरकारी दारं ठोठवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, भरती होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे जा. बिल झाल्यावर गेलात तर फारसं हाती लागत नाही. धर्मादाय हॉस्पिटलांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. मंडळीतल्या एकाने तहसील कचेरीचं काम अंगावर घ्यावं. ही सेवा कोणाला दिसत नाही, पण दहा प्रवचनांइतकी पोचते.

मयताच्या घरी पहिल्या तासात दोघं जा: एक माणसांपाशी, एक कागदांपाशी. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला, दफनभूमीत जागा, खड्डा खणणारी माणसं, पेटी, फ्रीजर, खेड्यावरून येणाऱ्यांची वाट किती बघायची. यातलं काहीही बाईला विचारायला लागू नये. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करून घ्या. कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदा २०,००० रुपये मिळतात. विधवेसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्येच.

वहीत त्याच दिवशी पुढच्या तारखा एकदम लिहून टाका: तिसरा दिवस, पंधरावा, महिना, तीन महिने, गेलेल्याचा वाढदिवस, पहिला नाताळ, वर्ष. पाहुणे दहा-बारा दिवसांत परततात. घर रिकामं होतं ते पंधराव्या दिवशी, आणि तोवर मंडळीला वाटतं आपलं झालं. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. न घेतल्याने दुःख कमी होत नाही, विसरले सगळे, असं मात्र वाटतं. "देवाची इच्छा" आणि "देवाला चांगली फुलं आवडतात" ही वाक्यं लेकरू गेलेल्या घरात तोंडातून निघता कामा नयेत.

नदीपलीकडे

वही ठीक आहे, पण खरी गळती व्हॉट्सअॅपवर असते, ते कोणी लिहिलं नाही. "बहीण अमुकसाठी प्रार्थना करा, घरात फार त्रास आहे" असा मेसेज प्रार्थना-ग्रुपवर पडला की संध्याकाळपर्यंत तासगावच्या पाहुण्यांचा फोन. ग्रुपवर नाव टाकण्याआधी त्या माणसाची परवानगी, आणि मजकूर त्यानेच सांगितलेला. नाहीतर "एका कुटुंबासाठी" एवढं पुरे, देवाला पत्ता माहीत आहे.

खजिनदारांशी एका बाबतीत असहमत. दर वेळी दुकानात पैसे भरले की माणसाचा मान जातो, औषधवाल्यालाही कळतं कोण मंडळीवर जगतंय. छोटी रक्कम पाकिटात घालून हातात द्यावी. दारू किंवा जुगार असेल तिथेच दुकानात भरावं.

खेड्यांच्या बाबतीत: घरप्रार्थनेला पेटी आणि टाळ न्या. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अखेरची वर्षं साताऱ्यात काढली, त्यांची ओवी-अभंगाच्या चालीची भजनं आपल्या घरांत मुरलेली आहेत. जो माणूस विचारलेल्या कशालाच उत्तर देत नाही, तो भजनात साथ धरतो आणि नंतर बोलतो.

खजिनदार

पाकिटाचं पटलं. पहिल्यांदा मागणाऱ्याला पाकीट, दुसऱ्यांदा मागितलं तर घरी जाऊन हिशोब बघून दुकानात, असं ठरवता येईल. तासगावच्या पाहुण्यांबद्दल काही बोलायला नको.

कृष्णाकाठ

पाळकांचं राहिलं. चार ठिकाणची उपासना सांभाळणाऱ्या माणसाला सोमवार पूर्ण सुट्टी द्या, त्या दिवशी फोन जोडीने घ्यायचा आणि मयत सोडून काही कळवायचं नाही. पाळकीणबाईंना कोण भेटायला जातं हेही वहीत एक घर म्हणून लिहा. ११२ नव्हे, ११३.

मिरज_पंचायत

११३ केली. जोड्या सात झाल्या आहेत, आठवीत बाई मिळत नाहीये. महिला मंडळाची बैठक गुरुवारी आहे, तिथे विचारतो. कानडी येणाऱ्या दोघी आहेत, त्यांना बुधवारची दुपार वॉर्डासाठी दिली.